कारभारी

आमच्या गावाकडे बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणते. हा शब्द ऐकत मी मोठा झालो, त्यामुळे कारभारी म्हणजे घराचा मालक असेच मला वाटत आले. मराठी बायबलात हा शब्द दुसऱ्याच अर्थाने येतो, हे मला शाळेतल्या एका सहकाऱ्यामुळे कळले. तिथे कारभारी म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा माणूस. मालक बोलावील तेव्हा त्याला हिशेब द्यायचा असतो.

हे सर अहमदनगरकडचे ख्रिस्ती. वर्षारंभी ते एका लहान वहीत चार-पाच ओळी लिहीत. पगार झाला की दशांश आधी बाजूला काढायचा. बुधवारची संध्याकाळ अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याजवळ बसायचे. वापरात नसलेली सायकल जूनपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याला द्यायची. मी एकदा हसून म्हणालो, "सर, यात धर्म कुठे आहे? ही तर किराण्याची यादी." ते म्हणाले, "'चांगला माणूस होईन' असे लिहिले की वर्षअखेरीला काहीच तपासता येत नाही. सायकल दिली की नाही, ते तपासता येते."

त्यांनीच मला जॉन वेस्लीचा हिशेब सांगितला. अठराव्या शतकातला हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक, मेथडिस्ट चळवळ त्याच्यापासून सुरू झाली. एका प्रवचनात त्याने एका तरुण मेथडिस्टाची गोष्ट सांगितली आहे, ती त्याची स्वतःचीच मानली जाते. वर्षाची कमाई 30 पौंड होती. 28 पौंडांत भागले, 2 दान केले. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी खर्च 28, दान 32. तिसऱ्या वर्षी 90 पैकी 62 दिले, चौथ्या वर्षी 120 पैकी 92. कमाई चौपट झाली, पण घरखर्चाची रेघ हलली नाही. आपण उलट करतो. पगार वाढला की गरजाही वाढवतो आणि दानाचा आकडा तेवढा जुनाच ठेवतो.

मी थोडा दुखावलो. म्हणालो, "आमच्याकडेही संपत्ती अल्लाहची अमानतच मानतात. मी दर रमजानला साठलेल्या रकमेची अडीच टक्के जकात काटेकोर काढतो."

"मग उरलेले साडेसत्त्याण्णव टक्के कुणाचे, सर?" त्यांनी सहज विचारले आणि तासाला निघून गेले.

मला त्या दिवशी बायबलातला तो चाकर आठवला. मालकाने सोपवलेला पैसा त्याने जमिनीत पुरला आणि जसाच्या तसा परत केला. एक पैसाही बुडवला नाही, तरी मालक रागावला. माझी गत त्याच्याहून वाईट होती. माझ्याकडे जे होते, ते पुरेपूर माझेही नव्हते.

अब्बांच्या पश्चात त्यांच्या दुकानाचे भाडे मी घेत होतो. आम्ही दोघेच, मी आणि आपा. अम्मी आधीच गेलेल्या. शरीयतप्रमाणे तीन हिश्श्यांतला एक आपाचा. पण तिने कधी मागितला नाही आणि मी कधी विषय काढला नाही. 'बहिणीने हक्क सोडला' असे आमच्यात मोठ्या कौतुकाने म्हणतात. तिला कुणी विचारले होते का, हे कुणी विचारत नाही. त्या भाड्यातून मी जकात काढत होतो आणि स्वतःला दानशूर समजत होतो.

त्या रात्री मीही एक ओळ लिहिली: 'आपाचा हिस्सा, ईदपूर्वी.' आठ वर्षांचे भाडे, घरपट्टी, दुरुस्ती असा सगळा हिशेब मांडला. रक्कम पाहून घाम फुटला. घरात मोटारगाडी घ्यायचे चालले होते, ते थांबवले. बायको दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले, "माझ्या माहेरच्या घराचेही असेच असेल ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

ईदच्या आदल्या रविवारी आपाकडे गेलो. आभार मानायला ती तयार नव्हती आणि रागवायलाही नाही. पैशांना तिने हात लावला नाही, पण हिशेबाचा कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग कागदाची घडी घालत म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून किती तारखेला देशील?"

वहीत आता दुसरी ओळ आहे: 'दर महिन्याची 5 तारीख.'