भाड्याची वही

सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी ‘उद्या कोण जिंकेल’ हे लिहायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. एका दिवसाची शर्यत फसवी असते. तीन आठवड्यांच्या शर्यतीत चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सावरतो. इथे सहा तासांत खेळ खलास. नावाजलेल्यांची यादी कुणीही करू शकतो. वाचकाला हवं असतं ते यादीत नसलेलं एक नाव. ते नाव कुठे शोधायचं हे मला जयगडच्या एका सायकल दुकानात कळलं.

दुकान कसलं, पत्र्याची टपरी. पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, ग्रीसमध्ये बुडवलेले छर्रे, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या रिमांची चळत आणि तासावर भाड्याने द्यायच्या चार सायकली. दुकान चालवणारे काका आधी मुंबईला गिरणीत होते. 1982 चा संप लांबला तसे गावी आले आणि परत गेलेच नाहीत. मुंबईहून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, पान्ह्यांची पेटी आणि मुंबई-पुणे सायकल शर्यतीचं वेड. शर्यतीच्या आदल्या रात्री ते आणि खात्यातले दोघे-तिघे खोपोलीला जात, स्टेशनावर पथारी टाकत आणि सकाळी बोरघाटाच्या तोंडाशी उभे राहत. पैज चहाची. काका म्हणे क्वचितच हरत.

आमच्याकडेही एक खंडाळा आहे, वाटद-खंडाळा. काका ‘खंडाळ्याचा घाट’ म्हणाले की मुंबई-पुण्याचे सायकलवाले वाटदवरून जातात, अशी माझी पाचवी-सहावीपर्यंत पक्की समजूत होती. एकदा मी त्यांना विचारलंही, आपण बघायला कधी जायचं? ते इतके हसले की हातातली ट्यूब घमेल्यात पडली.

‘घाटाचा राजा’ हा किताब घाटमाथ्यावर पहिला पोहोचणाऱ्याला मिळतो. आम्हा पोरांना वाटायचं, तोच जिंकणार. काका म्हणायचे, “राजाला मुजरा करा, पण पैज लावू नका. माथ्यावरनं पुणं अजून साठ-पासष्ट किलोमीटर. मुकुटासाठी जीव काढलेला गडी ते कशाच्या जोरावर काढणार?” त्यांची नजर माथ्यावरच्या पाचव्या-सहाव्या माणसावर असायची. तोंड मिटलेलं, हँडल सैल धरलेलं, आणि घाटाआधी ज्याने काहीतरी खाल्लंय असा.

याची तालीम आम्हाला आमच्याच शर्यतींत मिळे. जेट्टीपासून कऱ्हाटेश्वराकडे आणि परत. दुपारी जाताना समुद्रावरचा वारा तोंडावर. आमच्यातला सगळ्यात दांडगा पोरगा हटकून पुढे असायचा, कारण पुढे असण्यात त्याला शान वाटायची. काका गोटी सोड्याची पैज लावायचे ती त्याच्या मागे चिकटलेल्या काटकुळ्या पोरावर. पुढचा वारा फोडतो आणि मागच्याची पाव-तृतीयांश ताकद वाचते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तेव्हा कळायचं इतकंच, की सोडा काकाच पितात.

हायस्कूलला जायला माझ्याकडे सायकल नव्हती. घरून भाडं मिळण्यासारखं नव्हतं. काकांनी चारांतली एक सायकल मला दिली आणि वहीत माझ्या नावाचं पान घातलं. ‘तास लिहितो, पैसे मागनं बघू,’ म्हणाले. तीन वर्षं त्यांनी तास लिहिले.

आता माझी एक फजिती सांगतो. 10 एप्रिल 2016, पॅरिस-रुबे. दगडी फरसबंदीच्या वाटांवरून जाणारी, हाडं खिळखिळी करणारी शर्यत. टॉम बोनेन पाचव्या विजेतेपदाच्या दारात, त्यामुळे मी बोनेन, कान्चेलारा, सागान अशी शहाण्यासारखी नावं लिहिली. जिंकला मॅथ्यू हेमन. सहा आठवड्यांपूर्वी त्याचा हात मोडला होता, घरात ट्रेनरवर सायकल बसवून त्याने सराव केला होता, आणि सुरुवातीलाच निसटलेल्या टोळीत शिरून शेवटी वेलोड्रोममध्ये त्याने खुद्द बोनेनला मागे टाकलं. रात्री काकांना फोन करून म्हटलं, कुणालाच अंदाज नव्हता. त्यांनी एकच विचारलं, “तो तिथे कितव्यांदा गेलेला?” पंधराव्यांदा. “मग तो नवखा कुठे? तुमी त्याला मोजला नाही, इतकंच.”

जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा मी जयगडलाच अडकलो होतो. 25 तारखेला पाऊस उघडला होता, वीज येत-जात होती. टोकियो ऑलिंपिकची बायकांची शर्यत, 137 किलोमीटर, आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू. मी मोबाइल घेऊन काकांकडे गेलो. त्यांना या शर्यतीतलं एकही नाव ठाऊक नव्हतं. मी ऐटीत सांगितलं, नेदरलँड्सच्या चौघी आहेत, त्यांतलीच एक जिंकणार.

“चौघी एका घरातल्या? मग कोण कोणासाठी ओढणार?”

पुढे पाच जणी पहिल्याच क्षणी निसटल्या होत्या. अंतर दहा मिनिटांवर गेलं. काकांनी हिशेब केला, ताशी छत्तीसने सहा किलोमीटर. मी म्हटलं, पकडतील. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो हेही मीच सांगितलं. त्यावर ते सावरून बसले. “मग पुढे किती जणी आहेत ते मागच्यांना सांगणार कोण?”

त्या पाचांतली ॲना कीझेनहोफर ही ऑस्ट्रियाची, गणितातली डॉक्टरेट, तेव्हा कुठल्याही व्यावसायिक संघात नव्हती. शेवटचे चाळीसेक किलोमीटर ती एकटी निघाली. मागच्यांनी उरलेल्यांना गाठलं आणि त्या समजल्या, झालं. ॲनानंतर सव्वा मिनिटाने नेदरलँड्सच्या आनेमीक फान फ्लूटेनने रेषा ओलांडली ती हात उंचावूनच. सोनं आपलंच म्हणून.

काका हसले नाहीत. म्हणाले, “तिची चूक नाय. तिला कोणी सांगितलंच नाय.” मग उठून चहा टाकायला सांगून आले. पैज लावलेली नव्हती, तरी चहाचे पैसे मी दिले. आयुष्यात तेवढेच.

काका आता नाहीत. टपरीच्या जागी दुचाकीचं गॅरेज आहे. त्यांच्या मुलाने पेटी उपसताना निघालेली वही माझ्याकडे आणून दिली. माझं पान मधोमध सापडलं. तारखा आहेत, तास आहेत, एका पावसाळ्यात ‘चेन बदलली’ अशी नोंद आहे. पैशांचा रकाना काकांनी आखलेलाच नाही.