श्रावण नव्हे, कार्तिक

मुक्काम ठाकुरवाडी, तालुका कर्जत
आषाढ वद्य पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र परवा पोचले. गुडघ्याचे दुखणे बरे झाले तर भीमाशंकराला पायी येईन असा नवस ताई बोलली होती, आणि तो श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, खांडसहून शिडीघाटाने चढून फेडावा असा तुझा बेत आहे, हे वाचून मला तुझ्या मातृभक्तीचे जितके कौतुक वाटले तितकेच त्या बेताचे भयही वाटले. वाडीत आवणीची धांदल चालू आहे आणि पावसाने चार दिवस डोंगराचे तोंड पाहू दिलेले नाही. तरीही उत्तराला विलंब नको म्हणून सविस्तर लिहावयास बसलो आहे.

कर्जतहून कशेळ्यावरून खांडसला आल्यावर वर जाण्याच्या दोन वाटा आहेत. शिडीघाटाची वाट थेट कड्याला भिडते, आणि जेथे माणसाच्या पायाला आधार उरत नाही तेथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. गणेशघाटाची वाट गणपतीच्या देवळावरून, पदरगडाला वळसा घालून जाते, म्हणून ती लांबते खरी, परंतु छातीवर येत नाही. दोन्ही वाटा पदरावर, म्हणजे कड्याच्या निम्म्या उंचीवरील सपाटीवर, एकत्र होतात आणि शेवटची खडी चढण तेथून पुढे सुरू होते. देऊळ सुमारे ३,००० फुटांवर आहे. पावसाळ्यात शिडीघाटाच्या खडकावर शेवाळ धरते, शिडीशेजारून पाण्याची धार कोसळत असते, आणि खालच्या माणसाचा पाय थरथरला तरी वरच्याला मागे फिरता येत नाही. सत्तरीतल्या, गुडघ्याने अधू झालेल्या बाईला त्या वाटेवर नेणे ही भक्ती नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी येथे शिक्षक म्हणून आलो त्या पहिल्याच श्रावणात मीही असाच सोमवारचा हट्ट धरून निघालो होतो. सोबतीला वाडीतला एक वयस्क ठाकूर वाटाड्या होता. वाटेत एक ओढा लागला; पाणी पोटरीइतकेच होते, आणि पलीकडची वाट स्पष्ट दिसत होती. त्याने काही न बोलता कोयत्याने एक काटकी तोडली, पाण्याच्या अगदी कडेला चिखलात रोवली आणि तो दगडावर बसून राहिला. मी उतावळा होतो, त्याला नको ते बोललो. थोड्या वेळात ती काटकी पाण्याच्या आत गेली, मग पाणी गढूळ झाले, आणि त्यावरून पाचोळा व मोडक्या फांद्या वाहत येऊ लागल्या. आमच्या डोक्यावर त्या वेळी पाऊस नव्हता. तो वर घाटमाथ्यावर पडत होता. आम्ही परत फिरलो. त्या माणसाची क्षमा मागावयास मला पुढे दोन वर्षे लागली, आणि त्याने ती गोष्ट मनातही धरलेली नव्हती.

म्हणून तुला पहिली विनंती ही, की वाटाड्या घेतल्याखेरीज निघू नकोस, आणि एकदा घेतल्यावर त्याचा शब्द शेवटचा मान. तो ‘मागं फिरा’ म्हणाला तर कारण विचारण्यापूर्वी फीर. परंतु या ठाकूर लोकांना डोंगराचे सारेच कळते, असे समजून निर्धास्तही होऊ नकोस. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती ठाकुरांचीच वाडी होती. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते. वाडीला मोटररस्ता नसल्यामुळे यंत्रे चढेनात. माणसे कुदळी-फावडी घेऊन पायीच वर गेली, आणि चार दिवसांनी शोध थांबविला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते व ५७ जण बेपत्ता होते. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. आणि तो मुलूख भीमाशंकराच्याच परिसरातला. लागोपाठ पाऊस झाल्यावर भिजलेली माती खडकावरून केव्हा सुटेल, हे डोंगरात जन्मलेल्यालाही सांगता येत नाही. ज्या दिवसांत येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे रात्री जागत बसतात, त्या दिवसांत आपण हौसेने कड्याखालून का जावे?

डोंगर सोडला तरी गर्दी उरतेच. २५ जानेवारी २००५ ला शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत मांढरदेवीला काळूबाईच्या दर्शनासाठी चढणारी तीनशेच्या आसपास माणसे चेंगराचेंगरीत गेली. ऋतू कोरडा होता. तथापि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद, दोहो बाजूंस दुकाने. पर्वणीचा मुहूर्त सर्वांना एकाच तासात गाठावयाचा असतो, हेच त्या अनर्थाचे मूळ.

तेव्हा माझे ऐकशील तर हा बेत कार्तिकावर टाक. त्रिपुरासुराच्या वधाने श्रमलेला शंकर याच डोंगरावर विसाव्याला बसला आणि त्याच्या घामातून भीमा उगम पावली, अशी क्षेत्राची कथा आहे; म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेचा या स्थानाशी श्रावणी सोमवारापेक्षा काही कमी संबंध नाही. पौर्णिमेची गर्दी ओसरू द्यावी आणि नंतरचा सोमवार सोडून कोणताही मधला वार धरावा. तेव्हा खडक कोरडे असतात, ओढ्यांना थोडे पाणी असते, आणि वरच्या अरण्यात शेकरू दिसण्याचा संभव असतो.

ताईची तजवीज निराळी करावी. तिला तुझ्या धाकट्या भावाबरोबर पुण्याच्या बाजूने, मंचर-घोडेगावमार्गे मोटारीने वर पाठव. गाडीतळापासून देऊळ खोलात आहे, दोनशेच्या वर पायऱ्या उतरून जावे लागते. लक्षात ठेव, की तेथे श्रम दर्शनानंतरचे असतात, कारण परतताना त्याच पायऱ्या चढावयाच्या आहेत. त्या तिने बसत-उठत, काठी घेऊन चालाव्या. एवढे चालणेही नवसास पुरेसे आहे; देव श्रमलेल्यांना ओळखतो, आणि ताईला मी स्वतंत्र पत्राने तसे कळवीत आहे. तू मात्र खांडसहून गणेशघाटाने पायी ये. मीही बरोबर येईन.

बाकी थोडक्यात. पहाटे सहाच्या आत खांडस सोडावयाचे, कारण त्या दिवसांत संध्याकाळी सहानंतर रानात काळोख होतो. पाणी प्रत्येकाचे प्रत्येकाजवळ, गूळ-शेंगदाणे, ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या स्वतःच्या पिशवीत. पायात पक्के बूट. खडकांच्या कपारीत हात घालू नये, फुरशांचा मुलूख आहे. घाटात फोन लागेलच असे नाही, म्हणून कोण किती वाजता कोठे असेल हे घरी कागदावर लिहून ठेव. १०८ ची गाडी सडकेपर्यंतच येते. तिच्यापर्यंत माणसाला झोळीतून, चौघांच्या खांद्यावर न्यावे लागते. आमच्या कित्येक वाड्यांत आजारी माणूस आणि अडलेली बाळंतीण आजही अशीच खाली येते, आणि याची लाज ज्यांना वाटावयास हवी त्यांना ती अजून पुरेशी वाटलेली नाही.

वाटाड्याच्या रोजाचे आधी ठरवावे लागेल. कार्तिकात भाताची कापणी-झोडणी चालू असते. आपल्यासाठी त्याचा एक दिवस मोडतो, तेव्हा घासाघीस करू नकोस. तू तारीख पक्की करून आठ दिवस आधी मला पत्र टाक, म्हणजे मी माझ्या त्या जुन्या वाटाड्याशी बोलून ठेवीन. तो आता थकला आहे. त्याचा मुलगा येईल.

तुझा
मामा