लवंगांच्या बेटावर एकटीचं टेबल

मसाल्याच्या डब्यातली लवंग हातात घेताना ती कुठून आली असेल, असा विचार कधी मनात आलाय का? माझी आजी चांगल्या लवंगेला 'जंगबारची' म्हणायची. जंगबार म्हणजे झांजिबार, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं, टांझानियातलं बेट. तिथल्या जुन्या शहरात, स्टोन टाउनमध्ये, मी चार दिवस राहून आले. खरं सांगू? पाहिलं त्याहून खाल्लं जास्त! म्हणून कुठं बसावं, काय मागावं, कशाला जपावं, तेवढंच आज सांगते.

आधी एक कबुली. तीन वर्षांपूर्वी आमचे 'हे' गेले. पस्तीस वर्षांच्या संसारात हॉटेलात गेलो की मेनूकार्ड त्यांच्या हातात. मी आपली म्हणायची, "तुम्ही घ्याल तेच." हॉटेलात एकटी अशी मी जन्मात बसले नव्हते. दार-ए-सलामला नोकरी करणाऱ्या भाच्यानं बोलावलं म्हणून गेले. तो मला दोन तासांच्या बोटीनं झांजिबारला पोचवून दुसऱ्या दिवशी परतला. जाताना म्हणाला, "अगं मावशी, तू घाबरू नकोस, इथली माणसं चांगली आहेत."

माणसं चांगलीच आहेत. पण त्या रात्री एका खाणावळीत गेले, तर वाढप्यानं दोनदा विचारलं, "आणखी कोण येणार?" कुणी नाही म्हटल्यावर त्यानं मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं. त्याच्या मनात काही नसेलही, पण मला असं काही भरून आलं, की उठले, खोलीवर गेले आणि पुण्याहून नेलेला चिवडा खाऊन झोपले. सकाळी मात्र स्वतःचाच राग आला. इतक्या लांब येऊन चिवडा खायचा?

स्टोन टाउनच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की आपल्या जुन्या पेठांतले बोळ रुंद वाटावेत. दोन्ही बाजूंना प्रवाळी दगडाची उंच घरं, कोरीव लाकडी दारं, काहींवर पितळेचे टोकदार खिळे. आपल्या वाड्यांच्या दारांवर असतात ना, हत्तीला अडवायला, तसेच! २००० साली युनेस्कोनं या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथं रस्ता चुकणं ठरलेलंच. घाबरू नका, चालत राहिलं की कधीतरी समुद्र लागतो.

घरांबाहेर दगडी ओटे असतात, त्यांना 'बराझा' म्हणतात. अशाच एका चौकात, जॉज कॉर्नरला, कोळशावर पितळी किटली ठेवून कॉफी विकतात. कपात जेमतेम चार घोट, बिनदुधाची, कडक. सोबत शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची 'कशाता' म्हणून वडी. बसलेले बहुतेक पुरुषच, सोंगट्या नि गप्पा चाललेल्या. मी जरा घुटमळले, तोच एका म्हाताऱ्यानं सरकून ओट्यावर जागा केली आणि म्हणाला, "करिबू, मामा." मला हसूच आलं. मामा म्हणजे तिकडे आई! वयानं मोठ्या बाईला आदरानं तसंच हाक मारतात. माझं पहिलं एकटीचं टेबल म्हणजे हा दगडी ओटा.

दुपारी म्कुनाझिनी भागातल्या लुकमान रेस्टॉरंटात गेले. इथं मेनूकार्डाची भानगड नाही. समोर पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवायचं नि ताट घ्यायचं. एकटीला हे फार सोयीचं. पिलाव, नारळाच्या दुधातला घेवडा, पालेभाजी, चपाती. शाकाहारी मैत्रिणींनी दोन वाक्यं पाठ करावीत: 'सिली न्यामा', म्हणजे मी मांस खात नाही, आणि 'सिली समाकी', मासे खात नाही. दुसरं न सांगितलंत तर मासा भाजीतच धरला जाईल!

बाकी भाषेची फारशी अडचण नाही. चहाला चाय, पैशाला पेसा, लाखाला लाकी, धोब्याला डोबी, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबरी. आपल्या माणसांचं जाणं-येणं इतकं जुनं आहे. सुलतान बरगशला तर भावाविरुद्ध बंड केल्याबद्दल १८५९ साली मुंबईलाच हद्दपार केलं होतं. परतून पुढे सुलतान झाल्यावर १८८३ मध्ये त्यानं 'हाउस ऑफ वंडर्स' हा टोलेजंग वाडा बांधला. २०२० च्या नाताळात त्याचा एक भाग कोसळला, तेव्हा आत जायला मिळेल असं गृहीत धरू नका. 'क्वीन' वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९४६ साली इथंच एका पारशी घरात जन्मला आणि शाळेला आला तो आपल्या पाचगणीला!

पण एक जागा अशी आहे, की तिथून निघाल्यावर तासभर काही खाववत नाही. गुलामांच्या बाजाराच्या जागेवर आज चर्च उभं आहे. बाहेर खड्ड्यात गळ्यात साखळदंड असलेल्या माणसांचे पुतळे आहेत. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर १८७३ साली बोलणी करायला आले आणि त्याच वर्षी हा बाजार बंद झाला. लवंगांच्या बागांत राबले ते हेच गुलाम. आपल्या मसालेभाताच्या वासामागे हेही आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आणखी एक गोष्ट. लवंगेच्या व्यापारातून हिंदी व्यापाऱ्यांना हुसकणारे कायदे झाले, तेव्हा १९३७ साली काँग्रेसनं झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली. आजीच्या 'जंगबार'च्या आठवणीत हेही असेल का? विचारायला आता ती नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या फोरोधानी बागेत जा. अंधार पडू लागला की दिवे लागतात, शेगड्या पेटतात, आपली चौपाटीच! आलं-लिंबू घातलेला उसाचा रस प्या. 'झांजिबार पिझ्झा' म्हणतात तो पिझ्झा नव्हेच, मोगलाई पराठ्याची बहीण ती. पातळ पारीत सारण भरून, घडी घालून तव्यावर परततात. केळ्याचा गोडही मिळतो. मासे खाणाऱ्यांनी समोर ताजे भाजून घ्यावेत, मांडून ठेवलेले नकोत. आणि भाव आधी ठरवा, खाऊन झाल्यावर नव्हे!

आता बारविषयी. दचकू नका! बेटावर बहुसंख्य मुसलमान, त्यामुळे दारू सरसकट मिळत नाही, काही हॉटेलांत आणि गच्च्यांवरच. त्यातली नावाजलेली आफ्रिका हाउस हॉटेलची गच्ची. एके काळी हा इंग्रजांचा क्लब होता. माझ्यासारखीला तेव्हा तिथं कोण बसू देणार होतं? तिसऱ्या दिवशी पाचलाच गेले, कारण समुद्राकडच्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्या लवकर भरतात. "किती जण?" वाढप्यानं विचारलं. मी म्हटलं, "एक." आणि बोटानं दाखवलं, "ते टेबल." आवाज थोडा कापला असेल, पण म्हटलं. त्यानं खुर्ची ओढून दिली. मी 'टांगाविझी' मागवली, म्हणजे आल्याचं सरबत, बाटलीतलं, नाकाला झिणझिण्या आणणारं. शेजारच्या टेबलावर बियर चालली होती, कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. शिडाची होडी सूर्यासमोरून गेली. 'हे' असते तर भजी मागवली असती. मग मीच मागवली.

शेवटच्या रात्री 'इमर्सन ऑन हुरुम्झी'च्या गच्चीवर जेवले. हे जरा महाग, आधी सांगून ठेवावं लागतं, आणि जिने भारी उभे. गुडघेदुखी असेल तर विचार करा. वर गाद्यांवर बसून जेवायचं, सभोवती शहराची छपरं. हा वाडा थारिया तोपण या कच्छी व्यापाऱ्याचा. बंदराजवळचा, नक्षीदार सज्ज्यांचा जुना दवाखानाही त्यांनीच बांधायला घेतला होता. १८९४ साली तो पुरा झाला, तोवर ते हयात नव्हते.

जाणार असाल तर काही सूचना. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, आपला पंजाबी ड्रेस उत्तम. रमजानात दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नका. पाणी बाटलीबंदच घ्या. २०२४ च्या ऑक्टोबरपासून परदेशी पाहुण्यांना झांजिबारचा प्रवासी विमा सक्तीचा आहे. पिवळ्या तापाच्या लशीचे नियमही आधी विचारून घ्या.

आणि ज्यांचं जाणं होणार नाही त्यांच्यासाठी तिथला लाडका 'उरोजो', चार जणांपुरता. एका मोठ्या कैरीच्या साल काढलेल्या फोडी चार वाट्या पाण्यात पाव चमचा हळद घालून शिजवा, घोटून घ्या. तीन मोठे चमचे मैदा थंड पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता त्यात ओता. मीठ घालून मंद विस्तवावर दहा मिनिटं शिजवा. पातळ पिठल्याइतकं दाट हवं. वाडग्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि दोन-तीन भजी घालून वर हे गरम गरम ओता. त्यावर ओल्या खोबऱ्याची चटणी, लाल मिरचीची चटणी, लिंबू. तिकडे कसाव्याचा, म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो त्या कंदाचा कुरकुरीत कीस घालतात. आपण बटाट्याचा तळलेला कीस घालावा.

मी परवा केला. एकटीसाठी करायचा म्हणून सगळं निम्म्यानं घेतलं, तरी उरला. मग शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्याही अलीकडे एकट्याच असतात. आता ठरलंय, दर शनिवारी दोघींनी बाहेर जेवायचं. आणि मागवायचं कुणी, तर पाळीपाळीनं!