२७११ ठोकळे आणि एक नाव

स्मारक म्हटलं की काय करायचं ते आपल्याला ठाऊक असतं. चपला काढायच्या, फुलं वाहायची, पाटी वाचायची, हात जोडायचे. बर्लिनच्या ज्यू स्मारकापाशी यातलं काहीच करता येईना. ब्रांडेनबुर्ग गेटपासून थोड्याच अंतरावर, १९ हजार चौरस मीटर जागेत, राखाडी काँक्रीटचे २७११ ठोकळे रांगांनी उभे आहेत. त्यांवर ना नाव, ना तारीख. कडेचे ठोकळे बुटके. पण आत शिरलं की पायाखालची जमीन उतरत जाते आणि ठोकळे डोक्याच्याही वर जातात. वाटा इतक्या अरुंद की दोघांना शेजारी चालता येत नाही. बर्लिनमध्ये शिकणारी माझी भाची दोन पावलं पुढे होती, ती बघता बघता दिसेनाशी झाली. पलीकडे मुलं लपाछपी खेळत होती, कुणी ठोकळ्यावर बसून डबा खात होतं. रडावं, रागवावं की गप्प उभं राहावं, मला काही सुचेना.

अशा जागी मी पहिल्यांदाच आले होते. ज्यू म्हणजे माझ्या लेखी अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली आणि पुण्याचं लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग. शाळेच्या पुस्तकात हिटलरला एक धडा होता आणि त्यात मारल्या गेलेल्या ज्यूंचा ६० लाख हा आकडा एका वाक्यात उरकलेला. वास्तुकार पीटर आयझेनमन यांनी २००५ मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकाला कुठलाही एक अर्थ दिलेला नाही, हे भाचीने नंतर सांगितलं. पण नवख्या माणसाला काहीतरी हाताशी लागतं. ते मला त्याच जागेच्या पोटात, जमिनीखालच्या माहिती केंद्रात सापडलं.

तिथे एका काळोख्या खोलीत चारही भिंतींवर एक नाव उमटतं, जन्माचं आणि मृत्यूचं साल उमटतं, आणि एक आवाज त्या माणसाबद्दल चार वाक्यं सांगतो. मग दुसरं नाव. सगळी नावं अशी वाचायची तर साडेसहा वर्षांहून जास्त काळ लागेल. शाळेत वाचलेला आकडा मला तिथे पहिल्यांदा समजायला लागला.

त्यानंतर बर्लिनच्याच ज्यू संग्रहालयात मी धास्तावूनच गेले. दाराशी विमानतळासारखी तपासणी होते. तेही मनावर दडपण आणतं. डॅनियल लिबेस्किंड यांच्या या नागमोडी, जस्ताने मढवलेल्या इमारतीला स्वतःचं प्रवेशद्वारच नाही. शेजारच्या जुन्या वाड्यातून शिरायचं आणि जिन्याने तळघरात उतरायचं. तिथे तीन वाटा फुटतात. एक निर्वासनाच्या बागेकडे जाते, एक होलोकॉस्टच्या, म्हणजे ज्यूंच्या नरसंहाराच्या, मनोऱ्याकडे आणि एक लांबलचक जिन्याने वर प्रदर्शनाकडे. बागेत ४९ उंच खांब आहेत आणि जमीन तिरकी आहे. धड सरळ उभं राहता येत नाही, पोटात ढवळतं. देश सोडून गेलेल्यांपैकी काही आपल्याकडेही आले. आकाशवाणीच्या सुरुवातीच्या धुनेचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर कॉफमन बर्लिनमध्ये संगीत शिकले होते आणि १९३४ मध्ये मुंबईला आले. ज्या सुरांवर आमच्या घरातली सकाळ सुरू व्हायची, त्यांच्यामागे ही तिरकी जमीन होती हे माझ्या मनाला कधी शिवलंही नव्हतं.

वरच्या मजल्यांवर मात्र मला मरण कमी आणि जगणं जास्त दिसलं. जर्मन भूमीवर ज्यू सतराशे वर्षं राहत आले आहेत. सण, लग्नं, व्यापार, पुस्तकं, आपसातले वाद, सगळं तिथे मांडलेलं आहे. काय नष्ट झालं हे कळायला आधी काय होतं ते पाहावं लागतं, म्हणून तिथे सर्वांत जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

पण हे सगळं घडलं कसं, हा प्रश्न सुटला तो एका साध्या वस्तीत. शोनेबर्गमधल्या ‘बायरिशेस फिएर्टेल’ भागात दिव्याच्या खांबांवर ८० पाट्या टांगल्या आहेत. रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या कलावंतांनी १९९३ मध्ये लावलेल्या. एका बाजूला साधं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला एक सरकारी नियम. भाची वाचून अर्थ सांगत होती. १९३३: ज्यूंना गायनमंडळांतून काढावं. १९३८: ज्यू मुलांनी सरकारी शाळेत येऊ नये. १९४०: बर्लिनमधल्या ज्यूंनी फक्त दुपारी ४ ते ५ या वेळात खाण्याचे पदार्थ विकत घ्यावेत. १९४२: ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवू नयेत, या पाटीवर मांजराचं चित्र. खाली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जात होती आणि मी मान वर करून तसेच नियम शोधत फिरत होते.

त्या नियमांचं टोक ग्रुनेवाल्ड स्थानकाच्या १७ क्रमांकाच्या फलाटावर आहे. रुळांच्या कडेने १८६ पोलादी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, इथून नेलेल्या ज्यूंची संख्या आणि गाडी कुठे गेली ते कोरलेलं. पहिली तारीख १८ ऑक्टोबर १९४१ची. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये सुमारे १ लाख ६० हजार ज्यू होते. त्यांतले सुमारे ५५ हजार मारले गेले.

भाचीच्या गल्लीतही फुटपाथवर पितळी दगड आहेत, हाताच्या पंज्यात मावतील एवढे. गुंटर डेम्निग या कलावंताच्या कल्पनेतून युरोपभर असे १ लाखाहून अधिक दगड बसले आहेत. ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. नावाला पाय लागेल म्हणून मी बिचकले. म्युनिकमधल्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लॉख यांचाही नेमका हाच आक्षेप आहे, आणि त्या शहराने सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू दिलेले नाहीत. “पण मावशी, वाचायचं तर वाकावंच लागतं ना?” भाची म्हणाली. मला दोघींचंही पटतं.

तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर दिवसाला एकच जागा ठेवा आणि सुरुवात शोनेबर्गच्या पाट्यांपासून करा. तिथे तिकीट नाही, फक्त वाचून दाखवणारं कुणी सोबत हवं. सालं क्रमाने लावत चाला. गायनमंडळ आणि मांजर यांच्यामध्ये नऊ वर्षं आहेत. त्या नऊ वर्षांत शेजाऱ्यांना बोलायला पुष्कळ वेळ होता.