नाव बदललं, पण कळवलं कोणाला?

आमच्या छोट्या न्यूज पोर्टलवरची गोष्ट. एक वार्ताहर ताई काम सोडून गेली. तिचं खातं नव्या पोराला देताना ऑफिसात कोणीतरी प्रोफाइलमधलं नाव बदललं. झालं! वाळूउपशावरच्या तिच्या सगळ्या जुन्या बातम्या त्याच्या नावावर. कारण वर्डप्रेस बातमीत नाव कोरून ठेवत नाही, प्रोफाइलमधून उचलतं. तिचा फोन आला, "दादा, धमक्या मी ऐकल्या आणि नाव त्याचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माफी मागितली, नाव परत लावलं, पोराला वेगळं खातं दिलं. मग एका मित्राकडून थोडा कोड टाकून घेतला. प्रोफाइल सेव्ह झालं की वर्डप्रेस 'प्रोफाइल_अपडेट' नावाचा हुक चालवतं आणि बदलाआधीची माहितीही हातात देतं. जुनं-नवं नाव ताडायचं; फरक दिसला की जुन्या ईमेलवर आणि संपादकाला मेल.

यात नवं काहीच नाही. फेरफार नोंदवला की तलाठ्याने चावडीवर प्रत लावायची, हितसंबंधितांना लेखी कळवायचं, हे १९६६ च्या महसूल संहितेत, कलम १५० मध्ये आहेच. जमिनीला जो नियम, तो माणसाच्या नावाला नको?