तो सांगायचा, मी लिहायचो

अंबाजोगाईत कॉलेजला असताना मी माझ्या मित्राचा लेखनिक होतो. तो जन्मापासून आंधळा, मराठी घेऊन बी.ए. करत होता. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणून आमची गाठ पडली. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी त्यानं बजावलं, "मी सांगन तेवढंच लिव्ह. चुकलं तर माझं चुकू दे. तुझं काही घालू नको." अंध विद्यार्थ्याला तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला तो चारही तास वापरायचा. एक वाक्य सांगायचा, मला वाचायला लावायचा, मग त्यातला एखादा शब्द बदलायचा. स्वल्पविरामसुद्धा त्याचाच असे.

त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं आणि हा आज्जीपाशी राहायचा. पुढे अंधशाळेच्या वसतिगृहात आला, तिथे ब्रेल शिकला. पाटीत जाड कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे वाचायचं. त्यामुळे टोचताना प्रत्येक अक्षर उलटं धरून चालावं लागतं. त्याची बोटं हे न अडखळता करायची. तोडीहून वडील परतले की मुकादमाकडून उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, किती फिटली, किती अंगावर राहिली, हे सगळं तो ऐकून ठेवायचा. आकडा विसरला असं कधी झालं नाही. घरातला हिशेबनीस तोच होता.

अंबाजोगाईची संतकवी दासोपंतांची पासोडी त्याला फार आवडायची. 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला, हे मी त्याला वाचून दाखवलं. त्यावर त्यानं कॉलेजच्या मैदानात मला मोजायला लावलं आणि ते चाळीस फूट स्वतः चालला. परत फिरला, पुन्हा चालला. म्हणाला, "आता कळली." पासोडीची लांबी अशी चालून समजून घेतलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

संत गुलाबराव महाराजांविषयी तो तासन्‌तास बोलायचा. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले. 1881 साली जन्मले आणि 1915 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. एवढ्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. त्यांनी सांगायचं आणि जवळच्यांनी लिहून घ्यायचं. मित्र म्हणायचा, "त्यांना लोक प्रज्ञाचक्षू म्हणतात. मला आंधळा म्हण, पण माझं वाक्य नीट लिव्ह."

तो महाराजांएवढाही जगला नाही. तापाचं निमित्त झालं आणि तिशीच्या आत गेला. मातीला जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं, "सुटला बिचारा." बाकीच्यांनी मान हलवली. त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, पण आज लिहून सांगतो. तो कशातूनही सुटायला बसला नव्हता. त्याला नेट परीक्षा द्यायची होती. आईची तोडणी थांबवायची होती. त्याच्या आयुष्याला दुःखाची गोष्ट ठरवणं म्हणजे त्यानं न सांगितलेलं त्याच्या उत्तरपत्रिकेत घालणं आहे.

आता माझं शिक्षण पुढे गेलं. लेखनिक म्हणून मला बसता येत नाही. परीक्षा जवळ आल्या की अंध मुलं लेखनिकासाठी वणवण करतात. वाचणारी, लिहिणारी शेकडो पोरं आसपास असतात, पण कुणी विचारत नाही. मी खालच्या वर्गातली पोरं शोधून देतो. मित्रासाठी दिवा लावण्यापेक्षा मला हे जवळचं वाटतं.

त्याची एक ब्रेल वही माझ्याकडे आहे. तीत त्यानं तोडणीच्या कामातले शब्द जमवले होते: कोप, पाचट, वाढं, मोळी, टायरगाडी. प्रत्येक शब्दापुढे तो कुणी सांगितला आणि कुठल्या कामात वापरतात, याची नोंद आहे. ब्रेल मला त्यानंच शिकवली. मी सावकाश वाचत ती वही देवनागरीत उतरवतो आहे. वर नाव त्याचं राहील, आत माझं काही नसेल.

मागच्या वेळी काही पानं त्याच्या आईला वाचून दाखवली. मायनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बायांच्या ओव्या कुठंयत? त्या घ्यायच्या राहिल्यात म्हणत होता." त्या वहीत नव्हत्या. त्यांच्यासाठी मी वेगळी वही आणली आहे. दसऱ्यानंतर माय गाव सोडेल, त्याआधी मी तिच्यापाशी जाऊन बसणार आहे.