भरलेले मेज

आमच्या इंदुरातील शासकीय शाळेच्या कार्यालयात एक लिनक्स सर्व्हर आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या वळणाचीच ही प्रणाली. जुन्या स्कॉलर रजिस्टरांची छायाचित्रे तीत साठविलेली असून दाखल्यासाठी लागणारी नोंद कारकून तेथूनच काढतात.

एके दिवशी आम्ही सहज ‘फ्री’ ही आज्ञा देऊन पाहिली, तो काय? ८ जीबी मेमरीपैकी रिकामी अवघी ०.२ जीबी! आम्ही संगणकाच्या बाईंना सर्वांदेखत हलगर्जीपणाचा बोल लाविला आणि फाइलींची कॅश दर तासाला रिकामी करण्याचे फर्माविले. “सर, ती भरलेलीच बरी,” असे त्या म्हणत होत्या. परंतु आमच्या मुख्याध्यापकपणाला ते ऐकू आले नाही.

प्रवेशाचे दिवस आले. तासाचा ठोका पडला, की सारी पाने पुन्हा डिस्कवरून वाचावी लागत. खिडकीशी रांग खोळंबली. एक वृद्ध गृहस्थ उन्हातच जमिनीवर बसलेले पाहून मात्र आम्ही बाईंना बोलाविले.

त्या म्हणाल्या, “सर, डिस्क म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे मेज. वरचेवर लागणारी रजिस्टरे मेजावर असली, तर कपाटाकडे खेपा कशाला? एखाद्या प्रोग्रामला जागा हवी झाली, तर वाचून ठेवलेली प्रत प्रणाली आपणच टाकून देते. मूळ कपाटात असतेच.”

कार्यक्रमांनी खरी व्यापलेली मेमरी २ जीबी होती, ५.८ जीबी कॅशची होती आणि तीतील बहुतेक ‘उपलब्ध’ या रकान्यात मोजलेली होती. तो रकाना आटू लागला आणि स्वॅपमध्ये ये-जा वाढली, तरच मेमरी अपुरी समजावी.

तासातासाचे ते रिकामे करणे आम्ही बंद केले. बाईंनी ‘स्वॅपिनेस’चा मूळचा ६० हा आकडा तेवढा १० वर आणिला, म्हणजे टंचाईच्या वेळी चालते कार्यक्रम शक्यतो डिस्कवर न ढकलता आधी फाइलींच्या प्रती सोडल्या जाव्यात. रांग पुन्हा सरकू लागली.

बोल सर्वांदेखत लाविला होता. चूक एकान्तात कबूल करून भागणार नव्हते. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या सभेत आम्ही बाईंची क्षमा मागितली. त्या संकोचून एवढेच म्हणाल्या, “सर, ‘उपलब्ध’चा रकाना पाहत जा.”

हल्ली रोज सकाळी आम्ही तोच पाहतो.